जिवंत माणसं दिसत नाहीत

४ फेब्रुवारी

रिळे,

आशीर्वादाचं नंतर बघू. आधी मला सांग, मी मेले कधी?

नात पाय मोडून घरी बसलीय. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावायचं काम करते ती. त्याच दवाखान्याचा जिना उतरताना फोनमध्ये डोकं होतं. आता गुडघ्यापर्यंत प्लास्टर. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी ही दिवसभर कॉम्प्युटरवर मेलेली माणसं उकरत बसते. एक साइट आहे म्हणे. जन्माची, लग्नाची, मृत्यूची, शिरगणतीची जुनी दप्तरं लोकांनी फोटो काढून तिथे टाकलीत, आणि ज्याला हवं त्याने आपल्या घराण्याचं झाड तिथे लावायचं. फुकट आहे म्हटल्यावर मीही खुर्ची ओढली.

बाबा सापडले. नाव बरोबर, गल्ली बरोबर, धंदा शिंपी. मी म्हटलं, वा. तेवढ्यात नात गप्प झाली. ही पोरगी गप्प झाली की समजावं, काहीतरी सांडलंय.

"आजी, यांच्या खाली तूसुद्धा आहेस."

"असणारच. मी काय दुकानातून विकत आणलेली?"

"तसं नाही गं. तू वारलीयस. चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. शांतपणे, असं लिहिलंय."

शांतपणे! रिळे, मी आयुष्यात शांतपणे शिंकलेसुद्धा नाही. आणि त्या नोव्हेंबरात मी गुडघा बदलून घेत होते. तिथल्या नर्सला विचार, मी मेले होते का. ती म्हणेल, तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

हे काम कुणाचं, ते शोधायला मला कॉम्प्युटर लागला नाही. टोपणनावाच्या जागी 'टाचणी' लिहिलंय. मला टाचणी म्हणणारे बाबा, ते गेले. उरली कोण? तर जिला ते रीळ म्हणायचे ती. हातातून सुटली की गडगडत टेबलाखाली. तू तर गडगडत समुद्रापलीकडे गेलीस.

पण एक गंमत. बाबांच्या खाली एकच मुलगी, ती मी, मेलेली. तुझा चौकोनच नाही. मी नातीला विचारलं, हिचं काय झालं? ती म्हणाली, आजी, त्या साइटवर जिवंत माणसं दुसऱ्यांना दिसत नाहीत. मेलेली तेवढी दिसतात.

म्हणजे तू आहेस. बरं.

तिथूनच निरोप पाठवता येतो. मी कागदावर लिहितेय, नात फोटो काढून धाडेल. आत्ताच विचारत होती, "आजी, यातलं काही खोडू का?" म्हटलं, पाय मोडलाय तेवढा पुरे, हातावर प्लास्टर नको.

तू नेलेला आईचा एकुलता एक फोटो कुठे आहे, हे मी विचारणार नाही. विचारून विचारून पूर्वी माझी शाई संपली आणि तुझी पत्रं संपली.

तुझी मेलेली ताई

१२ फेब्रुवारी

रिळे,

तुझं उत्तर आलं. नात वाचून दाखवत होती, मी म्हटलं, सरक. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर लावता येतं. वेळ लागला, पण माझा वेळ माझा आहे.

तर तू मला मुद्दाम मारलंस. दुकानाची इमारत पाडल्यावर मी घर बदललं आणि तुझी पत्रं परत गेली, हे मला कुठे ठाऊक? मी समजत होते तू लिहितच नाहीस. तू समजत होतीस मी फोडतच नाही. दोघी शहाण्या. आणि मग तुझी धाकटी म्हणाली, "आई, जिवंत माणूस तिथे कुणाला सापडायचा नाही. आपण मावशीला मारूया. तिच्या घरचं कुणीतरी कधीतरी शोधायला येईलच. आणि मेली म्हटलेलं ऐकून ती गप्प बसणारी असेल तर ती मावशीच नव्हे."

काय कार्टी आहे. शहरातली बस चालवते म्हणतेस ना? अशीच चालवत असेल तर प्रवाशांचं काही खरं नाही. पण डोकं आहे. मला आवडली. तिला सांगू नकोस.

मला पुन्हा जिवंत केलंस, त्यामुळे आता मी तिथून पुसली गेले. बरं झालं. तिथे ओळखीचं असं फार कुणी नव्हतं.

तुला ऐकू येत नाही हे वाचलं. यंत्र लाव आणि कानात ठेव, टेबलावर नाही. फोन नको म्हणतेस ते बरोबर. मी ओरडणार, तू "काय?" म्हणणार, आणि शेजारी पोलीस बोलावणार. हे असं लिहिलेलंच बरं. तुझी धाकटी पडद्यावर मोठं करून देते ना? मग मीही अक्षर जरा मोठं काढते.

आता दप्तराचं सांगते. नातीने जुनी शिरगणती उघडली. आपलं बिऱ्हाड आहे त्यात, दुकानाच्या मागची खोली. बाबांच्या पुढे 'शिंपी'. आईच्या पुढे धंद्याच्या रकान्यात रेघ. नुसती रेघ! आईने काजं केली नसती तर बाबांच्या गिऱ्हाइकांनी शर्ट टाचण्या लावून घातले असते. मी नातीला म्हटलं, ती रेघ खोड. ती म्हणाली मूळ दप्तराला हात लावता येत नाही, पण आपल्या झाडावर हवं ते लिहिता येतं. मग मी सांगितलं ते तिने लिहिलं. जाऊन बघ. 'काजं, बटणं, तुरपाई, बाह्या बसवणे आणि नवऱ्याने चुकीचं कापलेलं निस्तरणे.' नात म्हणाली, आजी, धंदा एका शब्दात लिहितात. म्हटलं, ज्यांचा एका शब्दात मावतो ते लिहितात.

तू फोटो पाठवलास तो मिळाला. आपला तो आईचा फोटो सामान हलवताना पेटीसकट गेला, आणि ते सांगायची तुला लाज वाटली, हेही वाचलं. त्या जुन्या स्टुडिओवाल्याच्या नातवंडांनी त्याच्या फोटोंच्या साऱ्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह तिथे फुकट टाकल्या, नावं नसलेली माणसं, आणि तू वर्षानुवर्षं एकेक चेहरा बघत बसलीस. त्यात तुला ही बाई सापडली, दोन मुली घेऊन उभी. "ताई, ही आईच ना? ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, मला तिचा फक्त आवाज आठवतो. तू मोठी होतीस. तूच सांगू शकतेस."

बघितला फोटो. नातीने मोठा करून दाखवला. त्याचं सवडीने लिहिते. आत्ता डोळ्यांत थेंब घालायचे आहेत.

यंत्र कानात ठेव.

ताई

२१ फेब्रुवारी

रिळे,

तू पुन्हा विचारलंस. त्याच्या आधीही विचारलं होतंस, आणि मी तुला इकडच्या नळाची गळती, वरच्या मजल्यावरचा तबला आणि नातीच्या प्लास्टरमधली खाज असं सगळं कळवलं. तू बहिरी झालीस, मंद नाही झालीस. तुला कळलं असणार.

नात काल म्हणाली, "हो म्हण ना आजी. तुझं काय जातंय? ती बिचारी किती वर्षं शोधतेय. एका 'हो'ने तिचं आयुष्य सोपं होईल."

मी म्हटलं, "तुझ्या डॉक्टरला सांग, दुसऱ्याची कवळी बसवायला. तोंड मिटेल. चावता येणार नाही."

ती आपली आई नाही, रिळे.

मला पहिल्या क्षणी कळलं. माझ्यासाठी पुरावा लागत नाही, पण तुला लागेल. त्या मुलीचा फ्रॉक बघ, मोठीचा. पट्ट्यांचं कापड आहे. कडेच्या शिवणीवर बघ, पट्टा इकडून येतो आणि तिकडे अर्ध्या बोटाने खाली जातो. आई असं कधी सोडती? उरल्यासुरल्या तुकड्यातून शिवायची, पण पट्टा शिवणीतून असा पलीकडे जायचा की शिवण शोधावी लागे. एकदा बाबांनी पट्टे न जुळवता गिऱ्हाइकाचा शर्ट दिला, तर ती त्याच्या मागे रस्त्यावर धावली आणि अंगातून काढून घेतला. तो माणूस बनियनवर घरी गेला.

आणि त्या दोघी पोरी गोड हसतायत. मी गोड हसणारी वाटले का तुला?

फोटो हरवल्याचं म्हणशील, तर तू तेव्हाच लिहिलं असतंस तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि पाचवीच्या जागी विचारलं असतं, जेवलीस का. एवढ्यासाठी तू इतकी वर्षं घाबरलीस. मी एवढी वाईट आहे का? उत्तर देऊ नकोस.

हो म्हणणं सोपं होतं. पण तुझ्या नातवंडांची पोरं त्या परक्या बाईला आपली म्हणतील. आणि तिचंही कुणी असेल. तिच्या त्या हसऱ्या पोरींपैकी एखादी म्हातारी होऊन अशीच पडद्यापुढे बसली असेल, एकेक चेहरा बघत. तिची आई आपण उचलून आपल्या झाडाला टांगायची? तिथून काढून टाक. जिथून घेतलीस तिथे परत ठेव.

रागावशील. रागाव. पण लिही.

ताई

मार्च अर्धा संपला

रिळे,

तुझं पत्र नाही. नात म्हणते, मागचा निरोप तिकडे उघडलेला दिसतोय. म्हणजे वाचलंस आणि गप्प बसलीस. छान. हे तुझं लहानपणापासूनचं. मी बोलून मोकळी, तू टेबलाखाली.

नातीचं प्लास्टर निघालं. पाय दुधीसारखा पांढरा आणि बारीक झालाय. कामावर जायला लागली. आल्याबरोबर मी तिला आधी कॉम्प्युटर उघडायला लावते. ती म्हणते, "आजी, मला चहा तरी पिऊ दे." मी म्हणते, एका हाताने पी.

हे बघ, रुसायचं वय आपलं राहिलेलं नाही. आता चौकोनात खरीच तारीख पडायची वेळ आलीय, तुझी की माझी एवढंच. आणि तुझ्या धाकटीला सांग, माझ्या वेळी 'शांतपणे' लिहिलंस तर उठून येईन.

लाच देते. आई देते. फोटो नाही तर नाही, ऐक.

उंचीला बाबांच्या कानाएवढी. रंग तुझा. दोरा दाताने तोडायची म्हणून पुढच्या दाताचा कोपरा उडालेला. सुई ओवताना डावी भुवई वर जायची आणि ओवली की खाली यायची, बारीक दिवा विझवल्यासारखी. केस कपाळावर येऊ नयेत म्हणून त्यांना मापाची टेप बांधायची, मग बाबा माप घ्यायला टेप शोधत सगळं दुकान पालथं घालायचे आणि ती सांगायची नाही. तुला कडेवर घेऊन पायमशीन चालवायची. तू तिच्या खांद्यावर झोपायचीस आणि मशीन थांबलं की रडायचीस. म्हणून ती गेल्यावर तुला झोपवायला मी रिकामं मशीन चालवायचे. कापड नाही, दोरा नाही. बाबा ओरडायचे, मशीनचा पट्टा झिजतो. झिजू दे म्हटलं.

हे तुला ठाऊक नव्हतं ना? आता ठाऊक झालं. लिही.

ताई

२ एप्रिल

रिळे,

तर तू रुसली नव्हतीस. मशीनचं वाचून रडत होतीस, आणि त्याच्या आधी फोटोचं वाचून रडत होतीस, आणि रडताना लिहिता येत नाही म्हणतेस. मला काय कळणार? मी लिहिताना शिव्या देते, त्यामुळे कागद कोरडा राहतो.

त्या बाईचा फोटो परत ठेवलास, आणि खाली लिहिलंस की या बाईंच्या लेकी कुठे असतील तर त्यांना कळावं, कुणीतरी त्यांच्या आईकडे फार वेळ प्रेमाने बघितलंय. हे चांगलं केलंस. मला सुचलं नसतं.

आता दुसरं. 'मेलेले पुरे झाले, आता जिवंत बघ' म्हणून तू घरच्यांचा फोटो पाठवलास. तुझ्या वाढदिवसाचा, स्वयंपाकघरातला. नात एकेकाला बोट लावत होती. हा थोरला, ही त्याची बायको, हा मधला, ही पोरं. तू मध्ये, केक पुढ्यात, यंत्र टेबलावर. दिसलं मला.

मग मी नातीला म्हटलं, थांब. ती कोण?

मागे, ओट्याजवळ. बसच्या कामाचा निळा शर्ट आहे अंगात. हातात बशा. फोटोत यायचं नव्हतं तिला, कुणीतरी बोलावलं म्हणून मान वळवलीय, आणि तोंडावर असं की, घ्या काढून पटकन, मला कामं आहेत.

"ती त्यांची धाकटी. बसवाली," नात म्हणाली. "आजी? आजी, पाणी देऊ?"

रिळे, मी तुला भुवई लिहिली, दात लिहिला, उंची लिहिली. सगळं फुकट. त्यातलं काहीच नाही तिच्यात, भुवया तर तुझ्या नवऱ्याच्या आहेत. पण ती मान वळवणं, ते तोंड! दारात गिऱ्हाईक आलं की आई काजावरून अशीच बघायची. मी लागेल ते पणाला लावते. ती आई आहे.

काखेत कळसा नि गावाला वळसा. तू वर्षानुवर्षं त्या काचांमध्ये आई शोधतेस, आणि तुला पडदा मोठा करून देणारी, कुणाच्या तरी मेलेल्या आयांची पानं एकामागून एक उलटून दाखवणारी, मागे बशा घेऊन उभी. तुला कसं कळणार म्हणा, तू पाच वर्षांची होतीस. जिने आई बघितली होती ती इकडे रुसून बसलेली. घे, आता ऊठ, आणि तिच्याकडे बघ. नीट बघ. ती "काय झालं?" म्हणेल. काही सांगू नकोस, बघत राहा.

आणि एक काम आहे. तुला ऐकू येत नाही, पण तिला येतं ना? तिला म्हणावं, मावशीला फोन कर, तो तोंड दिसणारा. बोलायला काही नसलं तरी चालेल.

ताई

१० एप्रिल

रिळे,

झाला फोन.

आधी सांगते, मी काही नटूनथटून बसले नव्हते. नात म्हणेल तसं, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. इस्त्रीचे कपडे मी रोजच घालते.

मी ठरवलं होतं काय काय बोलायचं. मला मारलंस त्याबद्दल ऐकवायचं, मग बसबद्दल विचारायचं, मग तुझ्या यंत्राचं. फोन लागला. आधी छत दिसलं, मग दिवा, मग ती. तिची मराठी जरा थबकत येते, पण येते. म्हणाली, "मावशी, दिसतेय का मी?"

नात मागून ढोसतेय, "आजी, बोल ना." मी नुसती बघतेय. नीट दिसावं म्हणून पुढे सरकले, आणखी पुढे सरकले.

तर ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मावशी, मागे हो आधी. इतक्या जवळून डोळे बिघडतील. आणि मला तुझं नुसतं नाक दिसतंय."

रिळे, मी मागे झाले. डॉक्टरचं न ऐकणारी, पोराचं न ऐकणारी, तुझ्या मेलेल्या दाजींचं तर कधीच न ऐकलेली मी, मुकाट खुर्ची मागे घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसले. नात बघतच राहिली. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते, तेव्हापासून मीच सगळ्यांना दटावतेय. मला कुणी असं दटावलं नव्हतं, त्या तोंडाने.

मग बोललो इकडचं तिकडचं. बसचं, पावसात ब्रेक कसे लागतात ते. तू मागून "काय म्हणतेय ताई?" विचारत होतीस, ते ऐकू येत होतं. मी काही विशेष म्हणत नव्हते.

पुढच्या रविवारी करते म्हणाली. करू दे. मी पुन्हा नाक लावून बसणार आहे.

ताई